टोळीतली गळती : कोपरखैरण्यातल्या एका किडनीची नोंद

एप्रिल २०२४चा शेवटचा सोमवार. संध्याकाळची ओपीडी सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. तात्या आले ते स्वतःच्या पायांनी, जिना चढून. हे मुद्दाम लिहितोय. दुसऱ्या दिवशी मला जो तो विचारत होता, 'क्रिएटिनिन ५.४ आणि चालत आले?' (क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा. तो साचला की किडनी थकली.) हो, चालत आले. नंबर लावला, बाकावर बसले, आणि पुढच्या बाईंच्या पोराला ताप आहे म्हटल्यावर त्यांना आधी आत जाऊ दिलं.

तात्या माथाडी कामगार. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तीस वर्षं पाठीवर गोण्या. वय ५९, गाव पाटण तालुक्यात, घर कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत, माझ्या दवाखान्यापासून चार गल्ल्या पलीकडे. मधुमेह २०१४पासून, ब्लडप्रेशर त्यानंतर दोनेक वर्षांनी. दोन्ही मीच शोधले, औषधंही माझीच. त्यांची परवानगी घेऊन हे लिहितोय. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आकडे तेच ठेवलेत.

चैत्री पौर्णिमेला गावची यात्रा होती. तिथून आल्यापासून उलट्या आणि जुलाब. चार दिवस झाले, जुलाब थांबले पण उलटीची भावना जाईना, वर उचकी लागलेली. लघवी? 'काल सकाळी एकदा झाली. चहावानी.' ब्लडप्रेशर ९२/६०. एरवी त्यांचं १५०च्या खाली आणताना माझा घाम निघायचा. बोट टोचून पाहिलेली साखर ६१. सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, 'साखर तर लई चांगली आली की.' मधुमेहाच्या माणसाची साखर काही न करता अशी 'चांगली' आली की माझ्या पोटात गोळा येतो. ग्लिमेपिराइड ही त्यांची साखरेची गोळी. ती आणि इन्सुलिन यांचा शरीरातून निचरा व्हायला किडनी लागते. किडनी थकली की तीच गोळी जास्त वेळ रेंगाळते, आणि त्यात माणूस जेवत नसेल तर साखर खाली जाते. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात.

साखरपाणी दिलं, ईसीजी काढला. टी-लहरी तंबूसारख्या उंच. हृदयाला धोका देणारं पोटॅशियम वाढल्याची ही खूण. रिपोर्टची वाट न बघता रिक्षात बसवून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. रात्री आकडे आले : क्रिएटिनिन ५.४, युरिया १६८, पोटॅशियम ६.३, बायकार्बोनेट १४.

पाठवण्याआधी मी एक प्रश्न विचारला होता. त्याच्या उत्तरातच या प्रकरणाचं मूळ आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

'तात्या, गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत?'

'तुमच्याच. बीपीची, साखरंची. यात्रंतबी एक दिवस खाडा न्हाय केला.'

'आणखी काही?'

'न्हाय.'

'यात्रेत पालखी खांद्यावर घेतलीत?'

'मंग! छबिन्याला रातभर हुतो.'

'कंबर धरली नाही?'

तेव्हा काकूंनी पिशवीतून कागदी पुडी काढली. दोन लालसर गोळ्या, एक पांढरी. 'ह्या कमरंच्या. ह्या काय औषधात येत्यात व्हय?'

डायक्लोफेनॅक, स्नायू सैल करणारी एक गोळी आणि पित्ताची एक. मेडिकलमधून सुटी मिळणारी पुडी. कांद्याची आवक जोरात असली की दिवसाला दोन पुड्या, एरवी एक. किती वर्षं? काकूंनी थोरल्या मुलीच्या लग्नापासून हिशेब लावला. सहा वर्षं. या सहा वर्षांत ते माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येत होते आणि दर खेपेला मी 'गोळ्या चालू आहेत ना?' असं विचारत होतो. त्यांच्या भाषेत 'गोळी' म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली, आजाराची. कंबरदुखी हा आजार नाही, ते काम आहे. त्यामुळे ते खोटं बोलत नव्हते. प्रश्न माझाच चुकीचा होता. आता मी 'अंग दुखलं तर काय घेता?' असं विचारतो, आणि निम्म्या वेळा कुठून तरी पुडी निघते.

त्या आठवड्यात नेमकं काय झालं ते सांगायला थोडं नळजोडणीच्या भाषेत बोलावं लागेल. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि रक्त नेणारी दुसरी. आत पुरेसा दाब राहिला तरच गाळलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं की आणणारी नळी रुंद राहते आणि नेणारी आवळते, आणि दाब कसाबसा टिकतो. आणणारी नळी रुंद ठेवणारी द्रव्यं डायक्लोफेनॅक बंद पाडतं. नेणारी नळी आवळू न देणं हे टेल्मिसार्टनचं काम. मी त्यांना दिलेली ब्लडप्रेशरची गोळी जोडगोळी होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. त्यातला दुसरा भाग लघवीवाटे पाणी बाहेर काढतो. यात्रेचं ऊन, मग चार दिवस उलट्या-जुलाब, वर ही तिन्ही औषधं. गाळणीतला दाबच गेला. एकेकटी घेतली तर ही औषधं बहुतेकांना सोसतात, आणि टेल्मिसार्टन तर एरवी किडनीचं रक्षणच करतं. तिघं मिळून कोरड्या पडलेल्या शरीरात गेली की घात होतो.

खाडा न करता गोळ्या घेणं ही तात्यांची शिस्त होती, आणि ती शिस्त लावणारा मी. 'एक दिवसही चुकवायची नाही' हे मी शंभरदा बजावलं असेल. 'उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं बंद झालं तर ही, ही आणि ही गोळी थांबवा आणि मला फोन करा' हे एकदाही सांगितलं नव्हतं.

रात्री घरी येऊन माझी वही काढली. आमच्याकडे पेशंटच्या फायली प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात आणि पिशवी पेशंटच्या घरी, पण मी वहीत नोंदी ठेवतो. वहीतले आकडे असे :

२०१८. क्रिएटिनिन १.१. शेजारी माझं अक्षर, 'ठीक'.

नोव्हेंबर २०२१. क्रिएटिनिन १.४. लघवीत प्रोटीन एक अधिक. माझं अक्षर, 'पाणी वाढवा'.

ऑगस्ट २०२३. क्रिएटिनिन १.७. सोनोग्राफी, दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल, मुतखडा नाही. माझं अक्षर, 'सोनो नॉर्मल. पुढे बघू'.

लॅबच्या कागदावर पुरुषांसाठी १.३पर्यंतचा आकडा नॉर्मल छापलेला असतो. १.४ म्हणजे जरासा वर. आपल्याकडे परीक्षेत ३५ला पास असतं तशी ती नजर आहे : एखाद्या मार्काने हुकला, पुढच्या वेळी होईल. क्रिएटिनिनची चाल मात्र निराळी. ते दुप्पट होतं तेव्हा गाळण्याची ताकद निम्म्याहून खाली गेलेली असते. म्हणून क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१मध्ये आलेल्या सूत्राने मी रात्री बसून मागचे आकडे मांडले. १.१चे होतात ८०. १.४चे ५९. १.७चे ४६. पाच वर्षांत ३४ची घसरण. चाळिशीनंतर वयोमानाने वर्षाला साधारण एक कमी होतो, इथे जवळजवळ सात. ६०च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला की तो जुनाट किडनीविकार. म्हणजे हा माणूस हॉस्पिटलात गेला त्याच्या निदान दोन वर्षं आधीपासून किडनीचा पेशंट होता आणि माझ्या वहीत 'पाणी वाढवा' लिहिलेलं होतं.

सोनोग्राफीबद्दलही एक सांगतो, कारण त्यावर माझ्यासकट बरेच जण फसतात. किडनीचं दुखणं म्हटलं की आपल्या मनात मुतखडा येतो : कळ, घाम, लोळण. तो नाही म्हटल्यावर सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मधुमेहाने झिजणारी किडनी दुखत नाही आणि आकारानेही बराच काळ लहान होत नाही. सोनोग्राफी फोटो काढते, कामाची हजेरी घेत नाही. ती हजेरी लघवीतल्या अल्ब्युमिनवरून कळते. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन, चांगली गाळणी ते गळू देत नाही. साधी, सकाळची लघवी, त्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ३०च्या खाली ठीक, ३०० ओलांडलं की गंभीर. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी दर वर्षी व्हायला हवी. तात्यांची दहा वर्षांत एकदाही झाली नव्हती. रक्तातली साखर मात्र चाळीसेक वेळा.

हॉस्पिटलात पहिल्या रात्री काकूंचा फोन आला. डॉक्टर म्हणतायत, सकाळपर्यंत पोटॅशियम उतरलं नाही तर डायलिसिस लागेल. सही मागतायत. 'करू नका म्हणून सांगू का? एकदा का मशिनीवर चढवलं की ते कायमचंच म्हणत्यात.'

ही समजूत मी या वसाहतीत इतक्यांदा ऐकलीय की तिच्या मागे कुणाचं तरी खरं दुःख आहे हे मला कळतं. ज्यांची किडनी जुनाट आजाराने संपत आली असते, त्यांचं डायलिसिस सुरू झालं की सहसा थांबत नाही. पण ते मशिनीमुळे नाही, किडनी संपल्यामुळे. अचानक बंद पडलेल्या किडनीला दोन-चार वेळा मशिनीचा आधार देतात आणि ती सावरली की मशिन सुटतं. मी काकूंना एवढंच म्हटलं की, गाडी बंद पडली तर टोचन लावून गॅरेजपर्यंत नेतात, तेवढ्यावरून गाडी भंगारात निघत नाही. सही करा. त्यांनी केली. डायलिसिस लागलं नाही. हृदय सांभाळायला कॅल्शियम, पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि ग्लुकोज, शिरेतून द्रव, सगळ्या घातक गोळ्या बंद. तिसऱ्या दिवशी लघवी सुटली. नवव्या दिवशी क्रिएटिनिन २.६वर घरी सोडलं. जूनमध्ये ते २.१वर येऊन थांबलं, म्हणजे ईजीएफआर ३६. लघवीतलं अल्ब्युमिन ६४०. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर पडद्यावर मधुमेहाच्या खुणा होत्याच. डोळा आणि किडनी, दोन्हीकडच्या बारीक रक्तवाहिन्या एकाच साखरेत भिजत असतात.

आता पुढचं.

तात्या घरी आले तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता. 'मला दुखलं न्हाय, सुजलं न्हाय, मंग अर्धी किडनी गेली कुठं?'

मी गाळण्या, नळ्या, दाब असं बोलायला लागलो. त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मग मला टोळी आठवली. मार्केटमध्ये एकेका टोळीकडे गाळे ठरलेले असतात, गाडी लागली की टोळीने ती रिकामी करायची, आणि वाराई, म्हणजे हमालीची मजुरी, सगळ्यांत वाटली जाते.

'तुमच्या टोळीत माणसं किती?'

'बारा.'

'दोन गावाला गेले तर गाडी खाली व्हायची राहते?'

'छ्या. बाकीचे उचलत्यात.'

'चार गेले तर?'

'तरी हुती. जरा उशीर. पण मंग उरल्याल्यांच्या कमरा जात्यात.'

'मुकादमाला कधी कळतं?'

तात्या हसले. 'माल गाळ्यावर पोचतोय तवर त्याला कशाला कळंल?'

एका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. काही बाद झाल्या की उरलेल्या जादा बोजा उचलतात, त्यामुळे रक्त स्वच्छ दिसतं, माणसाला काही जाणवत नाही. निम्म्याहून जास्त टोळी गळाली तरी माल गाळ्यावर पोचत असतो. पण जादा दाबाखाली काम करणाऱ्या गाळण्या झिजतात, त्यांतून अल्ब्युमिन गळू लागतं, मग त्याही बाद होतात, आणि उरलेल्यांवर आणखी बोजा. पायाला सूज, दम लागणं, मळमळ, अंगाला खाज ही मुकादमाला कळायची वेळ. त्याआधी दोनच गोष्टी बोलतात, लघवीतलं अल्ब्युमिन आणि वर्षागणिक मांडलेला क्रिएटिनिन. लघवीला टिकून राहणारा फेस येतो कधीकधी. तात्यांना तो दोन वर्षं येत होता. काकूंनी संडास साफ करायच्या पावडरीला दोष दिला होता.

ही टोळीची गोष्ट मला पुढे इतकी उपयोगी पडली की उपचारही मी त्यातूनच सांगितले. गेलेली माणसं परत येणार नाहीत, उरलेल्यांच्या पाठीवरच्या गोण्या कमी करायच्या.

पहिली गोणी, पुडी. ती कायमची बंद. इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला, औषधांच्या चिठ्ठ्यांत नाही. कंबर खरोखरच दुखत होती. ज्याच्या पाठीवर रोज पन्नास-पन्नास किलोच्या गोण्या चढतात त्याला 'पेनकिलर घेऊ नका' एवढं सांगून वाटेला लावणं म्हणजे थट्टाच. गरज पडेल तेव्हा पॅरासिटामॉल, ठरवलेल्या मर्यादेत. फिजिओथेरपिस्टकडे सहा आठवडे. कंबरपट्टा. आणि मुकादमाशी बोलणं. ते त्यांच्या मुलाने केलं, मी फोनवर होतो. मुकादम आधी म्हणाला, वजन उचलत नाही त्याला वाटा कसा द्यायचा? बरोबरच आहे, टोळीचा हिशेब घामावर चालतो. शेवटी असं ठरलं की तात्या गोण्या शिवायचं आणि थप्पी मोजायचं काम बघतील, वाटा थोडा कमी. तात्यांना ते लागलं. पाठीवर गोणी नसलेला माथाडी म्हणजे काय, असं ते दोन महिने तरी बोलत होते. किडनीच्या कुठल्याही पुस्तकात हे नाही.

दुसरी गोणी, ब्लडप्रेशर. पाणी काढणारी गोळी थांबवून अमलोडिपिन. टेल्मिसार्टन मेअखेर थोड्या मात्रेत पुन्हा सुरू केलं. अनेकांना हे खटकतं, ज्या गोळीने घात केला तीच परत? हो, कारण अल्ब्युमिन गळणाऱ्या किडनीला दीर्घकाळ वाचवणारी ती पहिल्या फळीतली गोळी आहे. फक्त सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचं. ब्लडप्रेशर १३०/८०च्या आत ठेवायचा प्रयत्न.

साखरेसाठी ग्लिमेपिराइड काढलं. मेटफॉर्मिन अर्ध्यावर आणलं, ईजीएफआर ४५च्या खाली गेला की मात्रा कमी आणि ३०च्या खाली पूर्ण बंद, हा नेम. जुलैत किडनीतज्ज्ञांशी बोलून डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. साखरेची म्हणून आलेली ही गोळी किडनीची झीज मंदावते हे २०२०च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, आणि त्यात मधुमेह नसलेलेही पेशंट होते. त्याच वर्षी आपल्याकडे तिचं पेटंट संपलं, देशी कंपन्यांची डापा आली आणि माथाडीच्या खिशाला परवडू लागली. महाराष्ट्रात ज्यांना डायलिसिस लागतं त्यांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलांत ते मोफत मिळतं, ही मोठी सोय आहे. पण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशिनीला जोडलेला माणूस मार्केटला जात नाही.

ऑगस्टमध्ये क्रिएटिनिन २.३ आला. ईजीएफआर ३२. तात्यांचा मुलगा ऐरोलीत एका कंपनीत कामाला आहे, हुशार पोरगा, रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर आधी येतो. त्याने परस्पर डापा बंद केली. 'नवी गोळी चालू केली आणि किडनी बिघडली, सर, तुम्हीच बघा.' आकड्यांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी घरात आहे याचा मला आनंदच झाला, आणि पुन्हा टोळीकडे जावं लागलं. जादा बोजा उचलणाऱ्या माणसांच्या पाठीवरून आपण थोड्या गोण्या उतरवल्या. मग पहिल्या दिवशी कमी माल हलणारच. तो बिघाड नाही, तोच उपचार आहे. सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात, इथे १० टक्के होती. गोळी पुन्हा सुरू. सोबत दोन ताकिदी : लघवीच्या जागेची स्वच्छता, कारण साखर लघवीतून जाते आणि बुरशी धरते. आणि उलट्या-जुलाब किंवा उपास असेल तर ही गोळी, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन थांबवायचं, नीट खाऊ-पिऊ लागल्यावर पुन्हा सुरू. हे मोठ्या अक्षरात लिहून काकूंनी फ्रिजवर चिकटवलंय.

डिसेंबरात क्रिएटिनिन १.९ आला. ईजीएफआर ४०. घरात आनंदीआनंद. मुलाने रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, माझ्याकडे पेढ्यांचा बॉक्स आला.

मी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. जूनमध्ये ६७ किलो, आता ६०. शर्ट खांद्यावरून उतरत होता. विचारल्यावर कळलं, मोबाइलवर फिरणारी 'किडनीची पथ्यं' घरात तंतोतंत पाळली जात होती. डाळ बंद, दूध बंद, अंडी-मटण बंद, कडधान्यं बंद. तांदळाची पेज आणि दुधी. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. स्नायू वितळले की रक्तातला आकडा उतरतो, किडनी होती तिथेच असते. खात्रीसाठी सिस्टॅटिन-सी ही तपासणी केली, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. तिच्यावरून ईजीएफआर आला ३३. पेढे गोड लागले नाहीत.

मग जेवणावर सविस्तर बसलो, काकू, मुलगा, सून सगळे. वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तात्यांना पन्नासेक ग्रॅम. त्यात रोज वाटीभर आमटी बसते, अंडं बसतं, रविवारी मटणाचे चार तुकडेही बसतात. नको आहे ते मीठ. दिवसाला एकूण पाच ग्रॅम, चहाचा एक सपाट चमचा. ठेचा, लोणचं, पापड, सुकट, मार्केटच्या गेटवरचा वडापाव यांतच ते संपतं. सैंधव चालेल का? नाही, तेही मीठच. 'बीपीसाठी खास' म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्यावर काकू अडल्या. आजारी माणसाला नारळपाणी द्यायचं नाही हे त्यांना पटेना. ज्याचं पोटॅशियम ६.३वर जाऊन आलंय त्याला नाही. चांगली किडनी असलेल्याने खुशाल प्यावं. पाण्याचंही तसंच. 'रोज पाच लिटर' हा मुतखड्याचा सल्ला आहे आणि तो सगळ्यांना वाटला जातो, मीही वाटला. तहानेप्रमाणे, उन्हात घाम गेला तर जास्त.

गावाकडून एका वैद्यबुवांचं भस्म आलं होतं, किडनी 'धुऊन' काढणारं. डबीवर घटक लिहिलेले नव्हते. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, निनावी डबीशी आहे. ती परत गेली.

मार्च २०२५मध्ये वजन ६३, क्रिएटिनिन २.२. तात्यांच्या घरी या आकड्याने जरा सुतकी चेहरे होते, मला मात्र तो आकडा डिसेंबरच्या १.९पेक्षा प्रामाणिक वाटला. अल्ब्युमिन ६४०वरून २३०. डिसेंबर २०२५मध्ये क्रिएटिनिन पुन्हा २.२, ईजीएफआर ३३. वर्षाला सातने घसरणारी किडनी वर्षभर जवळजवळ जागेवर उभी आहे. हिपॅटायटिस बीची लस झाली. किडनीतज्ज्ञ सहा महिन्यांनी बघतात. डाव्या हातावर सुई टोचू द्यायची नाही हे तात्या आता लॅबच्या पोराला स्वतः बजावतात, कधी काळी डायलिसिसची वेळ आलीच तर त्या शिरा लागतील म्हणून.

एक शंका मनात घर करून आहे. आंध्रातल्या उद्दानमसारख्या भागात मधुमेह नसलेल्या कष्टकऱ्यांच्या किडन्या जातात आणि उन्हातली मेहनत त्याच्या संशयित कारणांत आहे. तात्यांच्या बाबतीत मधुमेह, ब्लडप्रेशर आणि पुडी एवढी कारणं पुरेशी आहेत. पण एप्रिल-मेच्या दुपारी, वर पत्रा आणि पाठीवर गोणी, अशी तीस वर्षं. ती कुठल्या रकान्यात लिहायची?

जानेवारीत तात्या पुतण्याला घेऊन आले. वय ३४, त्याच टोळीत, मधुमेहाला जेमतेम दोन वर्षं. पुतण्या कुरकुरत होता, कामाची पाळी बुडाली म्हणून. त्याचं क्रिएटिनिन ०.९, ईजीएफआर ११५, लॅबच्या कागदावर कुठेही ठळक अक्षर नाही. लघवीतलं अल्ब्युमिन ११०. मी काही बोलायच्या आत तात्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

'अंग दुखलं तर काय घेतोस रं?' त्यांनी विचारलं.

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला.

एकदा अल्ब्युमिन वाढलेलं दिसलं म्हणून निदान होत नाही. ताप, जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही ते वाढतं, तीन महिन्यांत पुन्हा पाहावं लागतं. तसं मी सांगितलं. तारीख तात्यांनीच ठरवली, यात्रेच्या आधीची, आणि माझ्या टेबलावरचा पेन घेऊन पुतण्याच्या तळहातावर लिहिली.